चेक चेक केला का?

गेल्या सोमवारी बँकेच्या रांगेत उभा होतो. काउंटरपलीकडच्या बाईंनी माझ्या पुढच्या आजोबांना विचारलं, “काका, चेक चेक केला का?”

आजोबांनी खिशातून चष्मा काढला. चेकवरच्या तारखेवर बोट ठेवलं. आकड्यातली रक्कम वाचली, अक्षरी रक्कम ओठ हलवत वाचली, सही डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, “हो, पाहिला.”

चार शब्दांचा प्रश्न, त्यात दोन चेक. पहिला कागद, दुसरा काम. रांगेत कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझ्या मनात मात्र आजोबांचं ते “पाहिला” घरी येईपर्यंत घोळत राहिलं. पहिल्या चेकशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी आहे, आणि ते आज मांडणार आहे. पण त्याआधी पहिल्याची कुळकथा ऐका, कारण ती ऐकल्याशिवाय भांडण कुठे आहे ते कळणार नाही.

फारसीत राजाला शाह म्हणतात. या शब्दाचा पूर्वज ‘ख्शायथिय’. इराणच्या दारयवहु राजाने इसवीसनापूर्वी ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर लेख खोदवून घेतला आणि स्वतःला राजांचा राजा म्हणवलं, तिथे हाच शब्द आहे. पुढे झिजत झिजत त्याचा शाहनशाह झाला. त्याच मुळाची संस्कृतातली भावंडं आपल्या घरातलीच आहेत: क्षत्र आणि क्षत्रिय. फारसीतलं शहरही त्या क्षत्राचं सख्खं. आधी अर्थ राज्य, मग राज्याचं ठाणं, मग नगर.

आपला चतुरंग इराणात गेला, तिथे त्याचं चत्रंग झालं आणि अरबांकडे शतरंज. समोरच्याच्या राजावर रोख धरला की त्याला सावध करायचं, “शाह!” राजा पुरता कोंडला की “शाह मात!” मात म्हणजे ‘मेला’, असा अरबी अर्थ लावणारे आहेत. फारसी जाणणारे म्हणतात, मात म्हणजे निरुपाय झालेला. मला दुसरा अर्थ पटतो. बुद्धिबळात राजाला कुणी मारत नाही, पटावरून उचलतही नाही. तो उभ्या उभ्या हरतो.

अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला. लॅटिनमध्ये शाहाचं ‘स्काकी’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीने त्याचं पुढचं अक्षर गाळून ‘चेक’ केलं. त्याच एशेकचं अनेकवचन घासून ‘चेस’ झालं. म्हणजे खेळाचं नाव आणि त्यातला इशारा, दोन्ही एकाच शाहाची लेकरं. चेकमेट म्हणजे तर उघडउघड शाह मात.

आणि हाच शाह दुसऱ्या वाटेने, फारसी बोलणाऱ्या दरबारांतून, मराठीत येऊन बसला होता. आपण त्याला शह म्हटलं. शह दिला, शह बसला, शहाला काटशह केला. मात केली, मात खाल्ली. प्याद्याने राजा कोंडला तर प्यादेमात, हरणाऱ्याला सगळ्यात झोंबणारी. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल ‘दुखण्यावर मात केली’ म्हणताना पट कुणाच्याही डोळ्यांपुढे नसतो, इतका तो शब्द मुरलाय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मोठं काम होतं ते. तरी शह आणि मात बोलण्यातून हलले नाहीत.

शब्दांसारखा खेळही इथे मुरला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि पिढ्यान् पिढ्या पोरांना पटावर बसवलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. टायब्रेकरमध्ये तिने कोनेरू हम्पीला हरवलं. हे वाक्य मी आधी ‘हम्पीवर मात केली’ असंच लिहिलं होतं. हाताला तोच शब्द येतो.

आता पटावरचा चेक पैशांत कसा शिरला?

बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचे जिल्ह्याजिल्ह्यांचे अधिकारी, शेरिफ, वर्षातून दोनदा हिशेब द्यायला येत. हिशेब एका मोठ्या मेजावर होई. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वरचं काही खाली पडू नये म्हणून कडेला चार बोटं उंचीची पट्टी. मेजावर कापड अंथरलेलं, त्यावर रेघा मारून चौकटी केलेल्या. एका उभ्या ओळीत पेनी, तिच्या शेजारी शिलिंग, मग पौंड, मग विसा, शंभर, हजार. चकत्या सरकवून बेरीज-वजाबाकी. तिथले आकडे रोमन, त्यात शून्य नाही. लिहून बेरीज करायला बसलं तर दिवस मोडायचा, आणि समोरच्या शेरिफला वाचता येतंच असं नाही. चौकटीतली चकती मात्र डोळ्यांना दिसते. चौकटींचं कापड बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्या कचेरीचं नावच पडलं एक्सचेकर. रिचर्ड फिट्झनील हा तिथला खजिनदार. ११७०च्या दशकात त्याने या कचेरीवर लॅटिनमध्ये एक ग्रंथच लिहिला. त्यात तो म्हणतो की या मेजावरही एक डाव चालतो, खजिनदार एकीकडे, शेरिफ दुसरीकडे. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो. म्हणजे चौकटीच्या कापडाचा कारभारी.

या कचेरीतली पावती लाकडाची असे, आणि ती मला कापडापेक्षाही जास्त आवडते. काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या फुगीर दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. खाचा जुळल्या, लाकडाचे तंतू जुळले, तर हिशेब खरा. खाच वाढवायची म्हटली तर दोन्हीकडे वाढवावी लागणार, आणि दुसरा भाग तर दुसऱ्याच्या पेटीत. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही यात फसवता येत नसे. ही पद्धत १८२६ सालापर्यंत चालली. नंतर साठलेल्या काठ्या जाळून टाकायचं ठरलं. १६ ऑक्टोबर १८३४ला त्या हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांत घातल्या, धुराडी तापली, आग वर चढली आणि त्या रात्री लंडनचं संसदभवन जळून गेलं. शतकांचे हिशेब असे गेले.

जुळवून बघण्याची ही कल्पना कागदावर आली तेव्हा चेकला नवा अर्थ मिळाला. पटावरचा चेक म्हणजे शह. शह बसला की चाल थांबते, म्हणून चेक म्हणजे अडवणं, लगाम. लबाडीला लगाम घालायचा तर दोन प्रती जुळवून बघायच्या, म्हणून चेक म्हणजे पडताळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पैशाच्या कागदाचा जो भाग पडताळ्यासाठी मागे ठेवत, म्हणजे आपल्या पावतीपुस्तकातली स्थळप्रत, त्याला चेक म्हणू लागले. मग नाव स्थळप्रतीवरून पुढच्या कागदावर सरकलं. इंग्रजांनी एक्सचेकरकडे बघून त्याचं स्पेलिंग लांबवलं, अमेरिकनांनी साधं ठेवलं. कागद नावाच्या आधीचा आहे. लंडनमधल्या एका पेढीवर १६५९ साली लिहिलेला चारशे पौंडांचा चेक आजही जपून ठेवलाय. चेक हा अरबी ‘सक्क’वरून आला असंही सांगतात. अरब व्यापारी लेखी हमीचे कागद वापरत हे खरं, पण इंग्रजी शब्दाचा माग शाहाकडेच जातो.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो. चौकटीच्या कापडावरून चेक्सचा शर्ट. आपल्याकडे तो चौकड्यांचा. सामान ठेवून जो बिल्ला घ्यायचा तोही चेक. अमेरिकेत हॉटेलचं बिलही चेक, आणि कागदावरची बरोबरची खूणही चेक. कायदेमंडळाने सरकारला आणि न्यायालयाने दोघांना आवरायचं, तोही चेक, थेट पटावरून उचललेला. युरोपातल्या चेक प्रजासत्ताकाचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही, ते स्लाव लोकांचं नाव आहे. आणि मुलुंडचा चेक नाका. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईतली जकात गेली, ट्रकांची झडती थांबली. तरी बसचा कंडक्टर “चेक नाका, चेक नाका” असंच ओरडतो. शाह शब्द इराणातून निघून मुलुंडला उतरतो आणि तिथून ठाण्याची बस धरतो. हा प्रवास मला फार मोठा वाटतो.

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

मुंबई इलाख्यात चेक आला तेव्हा इथला माणूस कागदावर पैसे पाठवायला नवखा नव्हता. पेढ्या होत्या, सावकार होते, हुंड्या होत्या. दाखवताच पैसे देणारी दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी देणारी मुदती हुंडी, पतवाल्या व्यापाऱ्यालाच पैसे देणारी शाहजोग हुंडी. हा शाह इराणी नव्हे, हा साहू, साधू या घरातला. हुंडीचे पैसे हाती आले की म्हणायचं, हुंडी वटली. वटवायला जे द्यावं लागे ती हुंडणावळ. १८४० साली बँक ऑफ बॉम्बे निघाली, १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला. चेक रुळला, आणि मराठी माणसाने त्याला आत घेताना काय केलं ते नीट बघा. नाव त्याचं त्याच्याकडे राहू दिलं. काम मात्र आपल्या शब्दाने सांगितलं.

चेक वटतो. चेक फाडतात. चेक टाकतात. खात्यात पैसे नसले तर चेक परत येतो. वर्तमानपत्रांनी पुढे धनादेश हा शब्द घेतला, तो चांगला आहे, अर्थ तोंडावर लिहिलेला आहे, सरकारी कागदात शोभतो. त्यालाही क्रियापद तेच मिळालं: धनादेश न वटल्याप्रकरणी गुन्हा. त्या १८८१च्या कायद्याच्या कलम १३८खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्या बातमीतही हुंडीचं वटणं जिवंत आहे. पाहुणा कुठल्याही नावाने येऊ दे, जेवायला आमच्या पाटावर बसेल.

मराठीने परकी नामं कायम अशीच घेतली. पंक्चर परकं, पण आपण पंक्चर काढतो. काटा काढावा तसं. फोन परका, पण आपण फोन लावतो, उचलतो, ठेवतो. लाइट जाते आणि येते, रुसलेल्या माणसासारखी. सिनेमा लागतो आणि पडतो. गाडी फलाटाला लागते, आणि घाटात पोटात ढवळलं तरी गाडीच लागते. बिल भरतो, तिकीट काढतो, सायकल मारतो, लोकल पकडतो. पोर्तुगीजांची इस्त्री आली, ती आपण फिरवली. यातलं एकही क्रियापद परभाषेतून आलेलं नाही. कोणी समिती बसवून ठरवलंही नाही. सायकलच्या दुकानात, स्टेशनवर, थिएटरच्या दारात लोकांनी बोलता बोलता केलं.

ही रीत किती जुनी आहे ते नाशिकच्या पांडवलेण्यांत दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास इथे क्षत्रपांचं राज्य होतं. क्षत्रप हा शब्द अस्सल इराणी, क्षत्र राखणारा या अर्थाचा, म्हणजे आपल्या शाहाचाच नातेवाईक. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने लेणं कोरवलं आणि भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. दोन हजार एका श्रेणीत, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीत, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज खायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब दगडावर आहे, आजही बरोबर येतो. पण मला त्या लेखात हवा आहे तो एक प्रत्यय. नहपानाचं पद तिथे ‘क्षत्रपस’ असं लिहिलंय. शब्द इराणी, षष्ठीचा ‘स’ इथल्या प्राकृताचा. राज्यकर्त्याचा शब्द, तोही त्याच्याच जावयाच्या लेखात, आणि त्याला व्याकरण आमच्या मातीतलं लावलेलं.

आता दुसरा चेक बघा. ‘चेक कर.’

इथे नाम आलं नाही, काम आलं. आणि ‘करणे’ हे मराठी शेपूट लावलं म्हणून कुणी समाधान मानू नये. त्या करण्यात काही केलेलं नसतं. इंग्रजी शब्दाला उभं राहायला दिलेला तो खांब आहे. सगळं वजन चेकने उचललंय, आणि उचलताना त्याने घरातल्या किती जणांना बाहेर काढलं ते मोजा.

सोनार सोन्याला कस लावतो. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, सुतार कोपऱ्याला गुण्या. वैद्य नाडी बघतो. मास्तर वह्या तपासतात. कारकून नोंदी पडताळतो, वाणी बेरजेचा ताळा घेतो. बैलबाजारात दात मोजतात. शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा आलाय का बघतो आणि ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून बघतो. मडकं टिचकी मारून घेतात. आंबा देठाशी हुंगतात. कलिंगड थापटतात. नारळ कानाशी हलवतात. भाताचं शीत चिमटतात. पोराच्या कपाळाला उलटा हात लावतात. बाटलीतल्या दुधाचा थेंब मनगटावर टाकतात.

या प्रत्येकाच्या जागी आज ‘चेक कर’ चालतं. भात चेक कर, ताप चेक कर, वह्या चेक कर, मीठ चेक कर, भिंत चेक कर.

नुसते शब्द गेले असते तर मी एवढा अस्वस्थ झालो नसतो. शब्द येतात, जातात. पण ही यादी पुन्हा वाचा. मराठीत पारखण्याचे बहुतेक शब्द सांगतात की पारखायचं कशाने. हुंगून बघ म्हटलं की नाक कामाला लागतं. चाखून बघ म्हटलं की जीभ. वाजवून बघ म्हटलं की कान. दाबून बघ, उचलून बघ, डोकावून बघ, विचारून बघ. शेवटी ‘बघ’ सगळ्यांना आहे, आणि त्याआधी अवयव. सूचना आणि पद्धत एकाच शब्दात येते. आईने पोरीला “भात चाचपून बघ गं” म्हटलं की त्या वाक्यात धडा आहे. “भात चेक कर” म्हटलं की पोर झाकण काढते, डोकावते आणि झाकते. तिचा काय दोष? कशाने बघायचं ते तिला कुणी सांगितलंच नाही.

मीठ चेक कर या तीन शब्दांत जीभ कुठेच नाही.

डॉक्टरकडे जाऊन आलेल्या माणसाला आपण विचारायचो, “दाखवलंस का?” त्यात दुखणाऱ्याने आपणहून पुढे केलेला हात आहे, समोरच्यावर टाकलेला विश्वास आहे. आता विचारतो, “चेकअप केलंस का?” त्यात यंत्रं आहेत आणि कागद आहे. दोन्ही प्रश्न एकच नाहीत. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांना दुसरा प्रश्न फार वेळा विचारला, पहिला कमी, हे आज लिहिताना जाणवतं.

मला हेही माहीत आहे की सगळीकडे ‘चेक’ शिरलेला नाही. “व्हॉट्सॲप बघ” असंच आपण म्हणतो. गाडीच्या चाकातली हवा बघतो. रांगेतल्या आजोबांनी कुठलाही अभिनिवेश न धरता “पाहिला” म्हटलं, आणि पाहिला म्हणजे खरोखर तारीख, आकडा, अक्षर, सही असं चार वेळा पाहिला. क्रियापदं मेलेली नाहीत. ती हाताशी आहेत, तोंडाशी येईपर्यंत आपण थांबत नाही.

शुद्ध मराठीच्या गप्पांत नेहमी नामांवर खटला चालतो. टेबलाला काय म्हणायचं, पेनाला काय म्हणायचं, चेकला धनादेश म्हटलं नाही तर भाषा बुडेल का. टेबल आलं म्हणून आपल्या घरातून काही गेलं नाही, एक वस्तू आली. चेक करणे आलं तेव्हा घरातून वीस माणसं गेली. पहारा चुकीच्या दारावर बसलाय.

माझ्या मामाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. सुट्टीत जायचो. काहिलीत रस चढायचा, रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर यायची, ती काढून टाकायची, खाली चुलवाणात चिपाडं सारखी सारायची. सगळ्यांचे डोळे गुळव्याकडे असत. रस पाक व्हायला लागला की आधी वास बदलतो, मग बुडबुडे. बारीक फसफस थांबते आणि मोठे, जड, आळशी बुडबुडे यायला लागतात. तेव्हा गुळव्या उठायचा. थंड पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत हात बुडवायचा, ढवळण्याच्या फळीवरचा उकळता पाक दोन बोटांनी ओढून पाण्यात सोडायचा, बोटांत फिरवून त्याची गोळी करायचा आणि काहिलीच्या काठावर मारायचा. सगळे गप्प. टण्ण आवाज आला की म्हणायचा, “आला. उतरा.” मग माणसं काहील तिरकी करून वाफ्यात ओतायची. क्षणभर आधी उतरवली तर गूळ चिकट, क्षणभर उशीर झाला तर करपट.

आता ते गुऱ्हाळ मामेभाऊ चालवतो. काहिलीत थर्मामीटर सोडलेला असतो. सुमारे ११८ अंशांना गूळ उतरवायचा, हे तो कृषी महाविद्यालयात शिकलाय. गेल्या थंडीत मी तिथे होतो. त्याला फोन आला, कुणा व्यापाऱ्याचा, माल कधी मिळेल म्हणून. “चेक करून सांगतो,” म्हणाला आणि फोन खिशात टाकला. थर्मामीटरकडे गेला. काटा ११८वर होता. तो तसाच उभा राहिला, मग बाही वर सारली, बादलीत हात बुडवला, पाक ओढला, गोळी केली, काठावर मारली आणि कान दिला.

आवाज बोदा आला.

चुलवाणापाशी बसलेल्या माणसाकडे बघून म्हणाला, “सार अजून. दोन कढ येऊ देत.”